ज्येष्ठ चालकांचा कार विमा : खर्च, कव्हर आणि क्लेमबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

साठी ओलांडलेले वाचक हे प्रश्न पाठवतात, आणि त्याहून जास्त त्यांची मुलं-मुली. उत्तरं भारतातल्या खासगी मोटारगाडीपुरती आहेत. एक गोष्ट आधीच सांगते : आपल्याकडे विमा गाडीचा असतो, पण क्लेम उभा राहतो चालकाच्या लायसन्सवर. वयामुळे प्रीमियम वाढेल या काळजीत असलेले कितीतरी जण लायसन्सची तारीख पाहायचंच विसरतात. म्हणून बाकी काही नाही वाचलं तरी चालेल, प्रश्न ४ मात्र गाळू नका.

१. साठी झाली की कारच्या विम्याचा प्रीमियम वाढतो का?

थर्ड पार्टीचा नाही. तो दर सरकार ठरवतं आणि तो फक्त इंजिनच्या क्षमतेवर असतो. १ जून २०२२ पासूनच्या दरपत्रकात १००० सीसीपर्यंतच्या खासगी कारला २,०९४ रुपये, १००० ते १५०० सीसीला ३,४१६ आणि त्यापुढे ७,८९७ रुपये आहेत, वर १८ टक्के जीएसटी. मालक पंचविशीतला असो वा पंचाहत्तरीतला, रक्कम तीच.

गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचा, म्हणजे ओन डॅमेजचा भाग वेगळा. त्याचे दर २००७ पासून कंपन्यांच्या हाती आहेत. गाडीची किंमत, तिचं वय, इंजिन, नोंदणीचं शहर आणि क्लेमचा इतिहास यांवर मुख्य हिशेब होतो. पुणे, मुंबईसारखी आठ शहरं झोन ए मध्ये येतात, तिथे दर थोडा चढा असतो. एखादी कंपनी मालकाचं वयही जमेस धरू शकते, म्हणून नूतनीकरणाच्या वेळी तीन-चार कंपन्यांचे आकडे मागवा. 'सत्तरीनंतर दुप्पट' असे जे मेसेज फिरतात, ते बहुतेक परदेशातल्या पद्धतीवरून आलेले असतात. तिकडे चालकाच्या वयाला फार वजन आहे, आपल्याकडे तसं नाही.

२. थर्ड पार्टी, फर्स्ट पार्टी, फुल इन्शुरन्स यांत नेमका फरक काय?

थर्ड पार्टी म्हणजे आपल्या गाडीमुळे दुसऱ्याचं जे नुकसान होईल त्याची भरपाई. मोटार वाहन कायदा, १९८८ प्रमाणे ती सक्तीची आहे. ती नसताना पकडलं गेल्यास पहिल्या वेळी २,००० रुपये दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. समोरच्याच्या मालमत्तेची भरपाई साडेसात लाखांपर्यंत मिळते, मृत्यू किंवा इजेला पॉलिसीत रकमेची मर्यादा नाही.

लोक ज्याला 'फर्स्ट पार्टी' किंवा 'फुल इन्शुरन्स' म्हणतात ती कॉम्प्रिहेन्सिव्ह पॉलिसी. त्यात थर्ड पार्टीबरोबर आपल्या गाडीचं नुकसान, चोरी, आग, पूर, अंगावर पडलेलं झाड हे सगळं येतं. 'फुल' या शब्दावर मात्र विसंबू नका, त्यातही घसारा (वापराने घटलेली किंमत) आणि डिडक्टिबल (दर क्लेममध्ये आपण स्वतः सोसायची ठरलेली रक्कम) कापले जातात (प्रश्न ६ पाहा). थर्ड पार्टी एका कंपनीची आणि ओन डॅमेज दुसरीची, असंही २०१९ पासून घेता येतं.

३. गाडी महिन्यातून चार वेळा निघते, देवदर्शनाला आणि दवाखान्यात. मग फक्त थर्ड पार्टी पुरणार नाही का?

गाडी किती फिरते यापेक्षा, उद्या ती गेली तर दुसरी घ्यायला पैसे आहेत का, हे स्वतःला विचारा. उभ्या गाडीलाही धोका असतो. पावसाळ्यात बेसमेंटमध्ये शिरणारं पाणी, रस्त्याकडेचा गुलमोहर, चोरी, शेजारच्या गाडीला लागलेली आग. यातलं काहीही थर्ड पार्टीत येत नाही.

माझा ठोकताळा असा. गाडीची बाजारकिंमत दीड-दोन लाखांवर आली असेल आणि तेवढा फटका बचतीतून सोसता येत असेल, तर नुसती थर्ड पार्टी ठीक. पेन्शनवर घर चालतं आणि दवाखान्यात जायला हीच गाडी आहे, तर कॉम्प्रिहेन्सिव्ह ठेवा.

मधला रस्ताही आहे. जुलै २०२२ पासून विमा नियामकाने, म्हणजे इर्डाने, 'जेवढी चालवाल तेवढं भरा' अशा, मूळ पॉलिसीला जोडून घ्यायच्या अ‍ॅड-ऑनला परवानगी दिली आहे. वर्षाला ठरलेल्या किलोमीटरपेक्षा कमी चालणाऱ्या गाडीला ओन डॅमेजमध्ये सवलत मिळते. घ्यायच्या आधी एक गोष्ट लेखी विचारून घ्या : ठरलेले किलोमीटर संपले तर पुढे काय? मुलीच्या गावाला दोन फेऱ्या जास्त झाल्या आणि कव्हर आटलं, असं नको.

४. माझं वय ६७. लायसन्सची मुदत संपून दोन महिने झाले, पण गाडी चालवतो. विमा तर चालू आहे ना?

पॉलिसी चालू आहे, पण तुम्ही गाडी चालवत असताना ती तुमच्या उपयोगाची नाही. अपघात झाला तर आपल्या गाडीच्या नुकसानीचा क्लेम नाकारला जाऊ शकतो. समोरच्या जखमीला मोटार अपघात न्यायाधिकरण कंपनीकडून पैसे द्यायला लावतं, पण तेच पैसे तुमच्याकडून वसूल करायची मुभा कंपनीला देतं. ती रक्कम लाखांत असते.

पूर्वी मुदत संपल्यावर तीस दिवसांची सूट होती, ती २०१९ च्या दुरुस्तीत गेली. पन्नास ते पंचावन्न या वयात काढलेलं लायसन्स साठीपर्यंत चालतं, पंचावन्ननंतर दर वेळी फक्त पाच वर्षांसाठी मिळतं. नूतनीकरणाचा अर्ज मुदत संपण्याआधी एक वर्षापासून करता येतो. संपल्यावर वर्ष उलटलं, तर पुन्हा चाचणी द्यावी लागते. चाळिशीनंतर डॉक्टरांचं फॉर्म १-ए हे प्रमाणपत्र जोडावं लागतं. वयाची वरची मर्यादा कायद्यात कुठेच नाही.

माझ्या वडिलांचं लायसन्स पाकिटात, रेल्वेच्या सवलतीच्या कार्डामागे होतं. पॉलिसी दर वर्षी वेळेवर भरली जायची, कारण एजंटचा फोन यायचा. लायसन्ससाठी फोन करणारं कुणी नव्हतं. ते संपून पाच महिने झाले होते, तेवढ्या काळात ते रोज आईला फिजिओथेरपीला नेत होते. काही झालं नाही, हे नशीब. तेव्हापासून लायसन्सची तारीख पॉलिसीच्या फाइलवर जाड पेनाने लिहिलेली असते. तुम्हीही आजच लिहा.

५. मधुमेह आहे, मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय. कंपनीला कळवायला हवं का?

मोटार विम्याच्या अर्जात बहुतेक करून गाडीची आणि मालकाची माहिती मागतात, तब्येतीची नाही. विचारली असेल तर खरं ते लिहा. खरी कसोटी आरटीओच्या फॉर्म १ मध्ये आहे. फिट किंवा अचानक शुद्ध हरपण्याचा, चक्कर येण्याचा त्रास आहे का, हे तिथे स्वतःच्या सहीने लिहून द्यायचं असतं. चांगल्या उजेडात २५ मीटरवरून गाडीची नंबरप्लेट वाचता येते का, हाही प्रश्न आहे.

ही शेवटची चाचणी घरीच करून पाहा. सोसायटीच्या आवारात एखाद्या गाडीपासून साधारण पस्तीस पावलं मागे जा, एक डोळा झाका आणि नंबर वाचा. मग दुसरा डोळा. आकडे पुसट दिसले, तर आधी डोळ्यांचे डॉक्टर आणि नंतर गाडी. ऑपरेशननंतर गाडी कधी चालवायची ते डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्या. झोपेच्या किंवा गुंगी आणणाऱ्या गोळ्यांबद्दलही विचारा, कारण नशेच्या अंमलाखाली झालेल्या अपघाताला ओन डॅमेजचं कव्हर नसतं आणि तिथे वाद घालायची वेळ येऊ नये.

६. क्लेम मंजूर झाला, तरी गॅरेजच्या बिलातले बरेच पैसे मलाच भरावे लागले. असं का?

दोन कपातींमुळे. पहिली घसाऱ्याची. प्लास्टिक, रबर, टायर, बॅटरी यांवर ५० टक्के, फायबरच्या भागांवर ३० टक्के, काचेवर काहीच नाही. धातूच्या भागांवर गाडीच्या वयाप्रमाणे वाढत जातो : पाच ते दहा वर्षांच्या गाडीला ४० टक्के, त्यापुढे ५०. दुसरी कपात सक्तीच्या डिडक्टिबलची : १५०० सीसीपर्यंत १,००० रुपये, त्यावर २,०००.

म्हणजे ६,००० रुपयांचा बंपर बदलला, तर निम्मे गेले घसाऱ्यात आणि हजार डिडक्टिबलमध्ये. बंपरपोटी कंपनीकडून आले २,०००, शिवाय रंग-मजुरीतला काही भाग.

७. रिव्हर्स घेताना बंपर खांबाला लागला. क्लेम करू का?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो, म्हणून आकड्यांत सांगते. समजा बोनस वजा करण्याआधी तुमचा ओन डॅमेज प्रीमियम १०,००० रुपये आहे आणि सलग पाच वर्षं क्लेम नसल्याने ५० टक्के नो क्लेम बोनस मिळतोय. तुम्ही भरता ५,०००. आता क्लेम केला की पुढच्या वर्षी बोनस शून्य, भरा १०,०००. नंतर २०, २५, ३५ आणि ४५ टक्के अशा पायऱ्या चढत ८,०००, ७,५००, ६,५०० आणि ५,५००. सहाव्या वर्षी पुन्हा पन्नास टक्क्यांवर. मधल्या पाच वर्षांत जादा गेले १२,५०० रुपये, जीएसटी धरून १४,७५०. गाडीची किंमत दर वर्षी उतरते, त्यामुळे प्रत्यक्ष आकडा थोडा कमी येईल, पण चित्र बदलत नाही.

प्रश्न ६ मधल्या बंपरसाठी दोन-तीन हजार मिळवायला हे करू नका. गॅरेजवाला 'क्लेममध्ये टाकू' म्हणेल, त्याला त्याचं बिल निघाल्याशी मतलब आहे. आधी बिलाचा अंदाज मागा, त्यातून प्रश्न ६ च्या दोन्ही कपाती काढा आणि उरलेली रक्कम गमावणाऱ्या बोनसशेजारी लिहून पाहा. दुसऱ्या कुणाला लागलं असेल तर मात्र नुकसान कितीही किरकोळ दिसो, कंपनीला आणि पोलिसांना लगेच कळवा.

८. आयडीव्ही कमी लावली तर प्रीमियम कमी होतो म्हणतात. लावू का?

नको. आयडीव्ही म्हणजे गाडी चोरीला गेली किंवा पार मोडली तर मिळणारी कमाल रक्कम. पहिल्या पाच वर्षांत तिचा तक्ता ठरलेला आहे, चार ते पाच वर्षांच्या गाडीला नव्या किमतीच्या निम्मी. पाच वर्षांनंतर ती कंपनी आणि तुम्ही मिळून ठरवता, आणि स्वस्त कोटेशनचं गुपित पुष्कळदा इथेच दडलेलं असतं. दोन कोटेशनची तुलना करताना दोन्हीकडे आयडीव्ही सारखी आहे ना, हे आधी पाहा. दुरुस्तीचा खर्च आयडीव्हीच्या ७५ टक्क्यांपुढे गेला की गाडी 'टोटल लॉस' धरतात.

९. ज्येष्ठ नागरिक म्हणून काही सवलत मिळते का?

बँकेतल्या व्याजासारखी सरसकट सवलत नाही. 'सीनियर सिटिझन स्कीम' म्हणून फोन आला, तर पैसे देण्याआधी कंपनीच्या अधिकृत क्रमांकावर खात्री करा.

ज्या सवलती आहेत त्या वेगळ्या आहेत. २००२ च्या मोटर टॅरिफपासून, म्हणजे तेव्हाच्या ठरीव विमा दरपत्रकापासून, चालत आलेली एक फार थोड्यांना माहीत असते : अपंग व्यक्तीसाठी खास बनवलेल्या किंवा बदललेल्या गाडीला ओन डॅमेजमध्ये ५० टक्के. पायाऐवजी हाताने ब्रेक-अ‍ॅक्सिलरेटर चालवण्याची सोय केली असेल, तर तो बदल आरटीओकडून आरसीवर, म्हणजे गाडीच्या नोंदणी प्रमाणपत्रावर, नोंदवून घ्या आणि ही सवलत मागा. मान्यताप्राप्त ऑटोमोबाइल असोसिएशनचं सभासदत्व आणि एआरएआय या वाहन-चाचणी संस्थेने मान्य केलेलं चोरीरोधक उपकरण यांचीही छोटी सूट असते.

स्वेच्छेने जास्त डिडक्टिबल घेण्याचा सल्ला एजंट देतात. त्या टॅरिफमध्ये १५,००० रुपये स्वतःवर घेण्याच्या बदल्यात कमाल सूट २,५०० रुपये होती. आज कंपनी देईल तो आकडा असाच समोरासमोर ठेवून पाहा. निश्चित उत्पन्नावर जगणाऱ्याला हा सौदा मला पटत नाही.

१०. खासगी कारच्या प्रीमियमवर आयकरात सूट आहे का?

नाही. अनेकांना आठवणारं ८० डी हे १९६१ च्या आयकर कायद्यातलं कलम आरोग्य विम्यासाठीचं.

११. कोणते अ‍ॅड-ऑन खरंच घ्यावेत?

या वयात माझा पहिला क्रमांक रोडसाइड असिस्टन्सला. घाटात पंक्चर झालं तर सत्तरीत जॅक लावत बसायचं नाही. रक्कमही किरकोळ असते. गाडी कंपनीकडून हीच सेवा आधीच मिळत असेल, तर दुसऱ्यांदा पैसे देऊ नका.

झिरो डेप घेतलं की प्रश्न ६ मधला घसारा कापत नाहीत. शहराच्या गर्दीत घासाघीस होत असेल तर घ्या, पण जुन्या गाडीला बऱ्याच कंपन्या देत नाहीत आणि वर्षाला किती क्लेम चालतील यावर मर्यादा असते. पाणी साचणाऱ्या भागात राहत असाल तर इंजिन प्रोटेक्ट (प्रश्न १८ पाहा). किल्ल्या, चैनीच्या वस्तू वगैरेंचे अ‍ॅड-ऑन मी सोडून देईन. मागच्या वर्षीचे सगळे अ‍ॅड-ऑन नूतनीकरणात आपोआप टिक झालेले येतात, ते एकेक काढून बघा.

१२. पीए कव्हर सक्तीचं आहे का? माझ्याकडे दोन गाड्या आहेत.

मालक-चालकाचं १५ लाखांचं वैयक्तिक अपघात कव्हर सक्तीचं आहे, पण एकच पुरतं. दोन्ही पॉलिसींत दोनदा पैसे घेतले जात असतील तर एकातून काढायला सांगा. तुमच्याकडे आधीच मृत्यू आणि कायमचं अपंगत्व धरून किमान १५ लाखांची अपघात पॉलिसी असेल, तरी इथे सूट मिळते. आणि ज्याच्याकडे वैध लायसन्स नाही त्याला हे कव्हर लागू होतच नाही. गाडी चालवणं सोडलेल्या मालकांकडूनही ही रक्कम घेतली जाते, तर कोटेशनमध्ये ती ओळ शोधा.

१३. अपघातात माझाच पाय मोडला तर दवाखान्याचा खर्च कार विम्यातून मिळेल?

नाही, आणि हा गैरसमज फार महागात पडतो. पीए कव्हर मृत्यू आणि कायमच्या अपंगत्वासाठी आहे : एक हात, पाय किंवा डोळा गमावल्यास निम्मी रक्कम, दोन गमावल्यास पूर्ण. फ्रॅक्चर, प्लेट, महिनाभराची विश्रांती यांतलं काही नाही. त्याला आरोग्य विमाच हवा. मे २०२५ मध्ये केंद्राने रस्ते अपघातातल्या जखमींसाठी कॅशलेस उपचार योजना जाहीर केली, तिच्यात सात दिवसांपर्यंत दीड लाखाचे उपचार येतात. पहिल्या धावपळीत तिचा आधार आहे, पण गुडघ्याच्या मोठ्या शस्त्रक्रियेला पुरेल असं धरून चालू नका.

१४. आता ड्रायव्हर ठेवलाय. पॉलिसीत त्याचं नाव घालावं लागतं का?

नाव लागत नाही. मालकाच्या परवानगीने वैध लायसन्स असलेला कुणीही गाडी चालवू शकतो. पगारी ड्रायव्हरची कायदेशीर जबाबदारी मात्र जोडून घ्या. तिचा जुना दर वर्षाला ५० रुपये आहे आणि काम करताना ड्रायव्हरला इजा झाली तर त्याच्या भरपाईचा भार कंपनी उचलते. त्याच्या लायसन्सची मुदत परिवहनच्या संकेतस्थळावर स्वतः तपासा. प्रश्न ४ मधला सगळा धोका त्याच्या लायसन्सलाही लागू आहे.

१५. मुलगा परदेशातून दिवाळीला येतो आणि माझीच गाडी चालवतो. चालेल?

त्याचं भारतीय लायसन्स जिवंत असेल तर चालेल. बहुतेकांचं मधल्या काळात संपलेलं असतं आणि कुणाच्या लक्षात येत नाही. तसं असेल तर तिथून निघण्याआधीच त्याने आंतरराष्ट्रीय परवाना काढून आणावा, तो लायसन्स दिलेल्या देशातच मिळतो. नुसत्या तिकडच्या लायसन्सवर किल्ली देऊ नका. लेकाला नाही म्हणणं जड जातं, पण त्याने दिलेली धडक तुमच्या नावावर लागेल.

१६. गाडी मुलाच्या नावावर केली तर माझा नो क्लेम बोनस त्याला मिळेल का?

नाही. बोनस मालकाचा असतो, गाडीचा नाही. मुलाची सुरुवात शून्यापासून. तुमचा बोनस तुमच्याकडेच राहतो : कंपनीकडून तसं पत्र घ्या, ते तीन वर्षांपर्यंत दुसऱ्या गाडीसाठी वापरता येतं. हस्तांतरानंतर १४ दिवसांत मुलाने पॉलिसी स्वतःच्या नावावर करून घ्यावी, नाहीतर ओन डॅमेजचा क्लेम अडकतो. मालकाच्या मृत्यूनंतरचा नियम वेगळा आहे (प्रश्न १९ पाहा).

१७. पॉलिसी संपून महिना झाला, गाडीला पंधरा वर्षंही पूर्ण झाली. आता काय?

दोन वेगळ्या गोष्टी. पॉलिसी ९० दिवसांच्या आत पुन्हा घेतली तर बोनस वाचतो, कंपनी आधी गाडीची पाहणी करेल. तोवर गाडी रस्त्यावर काढू नका. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते, पुढे फिटनेस तपासून पाच-पाच वर्षांनी वाढते. नोंदणी संपलेल्या गाडीचा प्रीमियम भरला म्हणजे क्लेमही मिळेल, असं नाही. आधी आरसीचं नूतनीकरण, मग कॉम्प्रिहेन्सिव्हचा विचार.

१८. पाण्यात गाडी बंद पडली. मी दोन-तीनदा स्टार्टर मारला, आता कंपनी इंजिनचे पैसे देत नाही.

पूर कव्हरमध्ये आहे, पण पाण्यात बंद पडलेली गाडी पुन्हा सुरू करताना इंजिनात पाणी ओढलं जातं आणि आतले भाग वाकतात. कंपन्या त्याला पुराचं नव्हे, चालकाच्या कृतीने झालेलं नुकसान म्हणतात. इंजिन प्रोटेक्ट असेल तर पॉलिसीच्या अटी पाहून भांडता येतं. पुढच्या वेळी किल्ली काढा, शक्य असल्यास बॅटरी तोडा, फोटो काढा आणि टोइंगला फोन करा.

१९. यजमान गेले. गाडी आणि पॉलिसी दोन्ही त्यांच्या नावावर. मी काय करू?

घाईने काही करायची गरज नाही, पण तीन महिने लक्षात ठेवा. मृत्यूच्या तारखेपासून तीन महिने किंवा पॉलिसी संपेपर्यंत, जे आधी येईल तोवर, पॉलिसी वारसांच्या हाती चालू राहते. आरटीओला तीस दिवसांत कळवायचं आणि तीन महिन्यांत फॉर्म ३१ भरून गाडी आपल्या नावावर करायची. कंपनीकडे मृत्यूचा दाखला, वारसाचा पुरावा आणि मूळ पॉलिसी द्यायची.

इथे त्यांचा नो क्लेम बोनस तुम्हाला मिळू शकतो. मृत्यूनंतर गाडी पती-पत्नी, मुलं किंवा आईवडील यांच्याकडे गेली, तर बोनसही त्यांच्याकडे जातो. कंपनीच्या खिडकीवरचा माणूस हे स्वतःहून सांगेलच असं नाही, तुम्ही मागा. पीए कव्हरची रक्कम वेगळी. ते स्वतः गाडी चालवताना अपघातात गेले असतील, तर तिच्यासाठी वेगळा क्लेम करायचा असतो. आणि जे दोघं आज वाचताहेत त्यांनी आरसीवर नॉमिनीचं नाव घालून घ्यावं, २०२१ पासून ती सोय आहे.

२०. क्लेम नाकारला. या वयात कोर्टाच्या पायऱ्या कोण चढणार?

कोर्टाची गरज नाही. आधी कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला लेखी लिहा आणि पोच जपून ठेवा. महिन्याभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर वर्षाच्या आत विमा लोकपालाकडे जा. मुंबई आणि पुणे दोन्हीकडे कार्यालय आहे, पन्नास लाखांपर्यंतच्या तक्रारी तिथे चालतात, फी नाही आणि वकील लागत नाही. निकाल कंपनीवर बंधनकारक असतो. इर्डाच्या १५५२५५ या क्रमांकावर फोन करूनही तक्रार नोंदवता येते.

सोबत पॉलिसीची प्रत, नकाराचं पत्र, सर्व्हेअरचा (नुकसानीची पाहणी करणाऱ्याचा) अहवाल, गॅरेजचं बिल आणि अपघाताच्या दिवशी वैध असलेलं लायसन्स ठेवा. सर्व्हेअरचा अहवाल कंपनीने दिला नसेल तर लेखी मागा, तो मागण्याचा तुम्हाला हक्क आहे.